पेशी कशाने गेल्या

मंगळवार, ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारला जोडून आलेल्या सुट्टीनंतरचा. सकाळी दहा, छोटी मीटिंग रूम. हजर: आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, पीएच.डी. करणारी नागपूरची मुलगी, आणि टिपणं घ्यायला मी. गैरहजर: ज्यांना भेटायला गुरुवारी पाहुणे येणार होते, ते.

शेवटचं वाक्य टिपणात नव्हतं. ते संध्याकाळी सँडीफोर्डला जाणाऱ्या ट्राममध्ये सुचलं आणि तोवर टिपणं सगळ्यांना पाठवून झाली होती.

मी या प्रयोगशाळेची व्यवस्था बघते. संशोधन करत नाही. संशोधन करणाऱ्यांना हातमोजे वेळेवर मिळतात की नाही, फ्रीजरचं तापमान कोण तपासणार, सुट्टीत पेशींना खायला कोण घालणार, हे माझं काम. त्याआधी पुण्यात एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात होते. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, ही तिथली शिकवण. ती डबलिनलाही बरोबर आली, प्रेशर कुकरसारखी.

आमच्याकडे एका दुर्मीळ आजारावर काम चालतं. घराण्यातून येणारा आजार, स्नायू हळूहळू गळत जातात. प्रत्येक पेशीत रोज थोडा कचरा साठतो, मोडकीतोडकी प्रथिनं वगैरे. निरोगी पेशी तो मोडून पुन्हा वापरते. या आजारात कचरा उचललाच जात नाही. का उचलला जात नाही, यावर जगभर हुशार माणसं डोकं लावून बसली आहेत. आमच्या घरी कचऱ्याचा हिरवा, तपकिरी आणि काळा डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा हे फक्त मला ठाऊक असतं, त्यामुळे हा आजार मला पहिल्याच दिवशी समजला.

पाहुणे म्हणजे स्लायगोचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. गृहस्थ पूर्वी बस चालवायचे, आता काठी घेऊन चालतात. त्यांचा थोरला भाऊ याच आजाराने गेला, हे मागाहून कळलं. जाण्याआधी कितीतरी वर्षं त्याला सुया टोचून, तुकडे काढून तपासलं आणि शेवटी काय आहे ते कळलं नाही ते नाहीच, असं ते सांगत. म्हणून आम्ही मागितला तेव्हा त्यांनी दंडाच्या कातड्याचा मसूरडाळीएवढा तुकडा दिला आणि बजावलं, हे एकदाच, पुन्हा विचारायचं नाही. त्या तुकड्यातून आम्ही पेशी वाढवल्या. नियमाप्रमाणे पेशींना नाव नसतं, नंबर असतो. पण त्यांच्या जनुकात आहे त्या प्रकारचा बिघाड असलेले आमच्याकडे ते एकटेच, त्यामुळे नंबराचा उपयोग फक्त आम्ही नियम पाळतो हे दाखवण्यापुरता. नागपूरच्या मुलीचा सगळा प्रबंध त्याच पेशींवर उभा होता.

भेटीची कल्पना प्रमुख बाईंची. अनुदान देणाऱ्यांना हल्ली अहवालात ‘रुग्णांचा सहभाग’ असा एक रकाना भरून लागतो आणि आमचा तो रकाना कोरा होता. गृहस्थांना विचारल्यावर ते आनंदाने तयार झाले. त्यांना आपल्या पेशी बघायच्या होत्या. त्या पेशींना ते ‘लॅड्स’, म्हणजे पोरं, म्हणत. मी फोन केला की पहिला प्रश्न, लॅड्स कसे आहेत. मी ट्रेनची तिकिटं काढली, कॉनली स्टेशनवरून टॅक्सी ठरवली, लिफ्ट चालू आहे ना हे दोनदा बघितलं, त्यांच्या बायकोच्या चहात दूध नको हे लिहून ठेवलं. एकच गोष्ट माझ्या यादीत नव्हती, ती म्हणजे पेशी जिवंत असणं.

शुक्रवारी त्या उत्तम होत्या. मंगळवारी सकाळी मुलीने फ्लास्क बाहेर काढला तर तळाला एकही चिकटलेली नव्हती, सगळ्या सुटून वर तरंगत होत्या. चिकटलेली पेशी जिवंत आणि तरंगणारी मेलेली, एवढं मलाही कळतं. बुरशी नाही, पाणी गढूळ नाही. गोठवून ठेवलेल्या कुप्या उन्हाळ्यात वितळवल्या होत्या, त्यातल्या पेशी उठल्याच नव्हत्या. म्हणजे हा फ्लास्क शेवटचा होता. त्याच इनक्युबेटरमध्ये, त्याच फळीवर, तेच खाद्य खाऊन शेजारचा फ्लास्क मात्र खुशाल होता. त्यात निरोगी माणसाच्या पेशी होत्या, तुलनेसाठी ठेवलेल्या. आमच्या भाषेत कंट्रोल.

तो निरोगी माणूस म्हणजे मी. नोकरीला लागले त्या वर्षी कंट्रोल कुणी मिळेना, तेव्हा रीतसर फॉर्म भरून मी दंड पुढे केला होता. माझा नवरा, सँडीफोर्डच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तेव्हा म्हणाला होता की घरात कंट्रोल तुझाच, आता तिथेही.

मीटिंगमध्ये प्रमुख बाई म्हणाल्या की भेट पुढे ढकलता येणार नाही, अहवाल महिनाअखेर द्यायचाय. सूक्ष्मदर्शकातून सगळ्यांच्या पेशी सारख्याच दिसतात, हे खरंच आहे. तेव्हा कंट्रोलच्या पेशी दाखवाव्यात. त्या तुमच्या आहेत असं आपण म्हणायचं नाही, नाहीत असंही म्हणायचं नाही. मी ते टिपणात घेतलं: पेशी दाखवणे, गुरुवार, जबाबदारी सर्वांची.

कॉरिडॉरमध्ये मुलीने मला थांबवलं.

“म्हणजे ताई, बारशाला पाहुणे आलेत आणि पाळण्यात शेजारणीचं बाळ.”

“शेजारीण मीच आहे,” मी म्हटलं. “गुरुवारी सूक्ष्मदर्शक पुसून ठेव.”

गुरुवारी ते दोघं वेळेवर आले. गृहस्थांनी टाय लावला होता. बायकोच्या हातात पत्र्याचा गोल डबा, त्यात घरी केलेला ब्रॅक, म्हणजे हॅलोविनला इथे करतात तो मनुका घातलेला गोड पाव. लॅड्ससाठी आणलाय, गृहस्थ म्हणाले, ते खाणार नसतील तर तुम्ही खा. आपल्याकडे दवाखान्यात माणूस बघायला जाताना कुणी रिकाम्या हाताने जात नाही, तसंच ते. मी दिवाळीतला उरलेला चिवडा पुढे केला. बायकोने त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि बाकीच्याचं तोंडभर कौतुक केलं.

लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, लॅड्स कसे आहेत. प्रमुख बाई म्हणाल्या, “ग्रँड.” इथे या शब्दाला काही अर्थ असावा लागत नाही. हवा ग्रँड असते, गुडघा ग्रँड असतो, अंत्यविधीसुद्धा ग्रँड झाला असं मी ऐकलंय. तरी त्या दिवशी मला तो जरा ताणल्यासारखा वाटला.

त्यांना मान वाकवता येत नाही म्हणून मुलीने चित्र पडद्यावर घेतलं. राखाडी उजेडात लांबट, टोकदार पेशी एकमेकींना रेलून पडलेल्या. त्यांनी चष्मा बदलला आणि बघत राहिले. माझ्या घरातल्या माणसांनीही माझ्याकडे कधी इतका वेळ बघितलेलं नाही. एका कोपऱ्यात एक पेशी गोल होऊन मधोमध आवळत होती. मुलीने सांगितलं की ही आता दुभंगतेय, एकीच्या दोन होणार.

“हे मी?” त्यांनी विचारलं.

प्रमुख बाई म्हणाल्या की अशाच प्रकारच्या पेशींवर आपलं काम चालतं. वाक्य अगदी बरोबर होतं. मी स्वतः त्यात चूक काढू शकले नसते.

ते बायकोकडे वळले आणि म्हणाले की बघ, माझ्यापेक्षा बरे चाललेत. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊ गेल्यापासून हा माणूस रात्री धड झोपत नाही, असं तिने आम्हाला उगाचच, कुणी विचारलं नसताना सांगितलं. मग त्यांना म्हणाली, “आणि तू उगाच घाबरत होतास. कसे धडधाकट आहेत.”

इथवर मी टिपणाप्रमाणे वागत होते. पण चुकीच्या बाटलीवर बरोबर लेबल लागलेलं बघत उभं राहणं मला पुण्यातही जमत नसे.

“ते तुम्ही नाही,” मी म्हणाले. “ती मी आहे. तुमच्या पेशी या सुट्टीत मेल्या. शेवटच्या होत्या.”

गृहस्थांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे.

“तुमची तब्येत छान आहे,” ते म्हणाले.

मग त्यांच्या बायकोने विचारलं, या खोलीत आधी आम्हीच विचारायला हवा होता तो प्रश्न. त्या त्याच्या आजारानेच गेल्या का?

प्रमुख बाईंनी उत्तराला सुरुवात केली. पेशींवर येणारा ताण, वारंवार विभागून येणारा थकवा, कचरा साठल्याने होणारी विषबाधा, शिवाय बाह्य कारणं. पेशी कशा मरतात यावर त्यांनी उभं आयुष्य घालवलंय. त्या विषयावर परदेशांत व्याख्यानं दिली आहेत. गृहस्थ शांतपणे ऐकत होते, बसमध्ये चढलेला प्रवासी सुट्या पैशांची हकिगत सांगतो तेव्हा ड्रायव्हर ऐकतो तसे.

“म्हणजे माहीत नाही,” ते म्हणाले.

“नाही,” नागपूरची मुलगी म्हणाली. त्यानंतर भेट संपेपर्यंत ती तेवढंच बोलली.

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. आवाजात राग नव्हता. “तुमच्या हातून मेले असतील तर फार बरं होईल. ते शोधून काढा. तुमची चूक सापडली तर हा दुसरा हात आहे, त्याचा तुकडा घ्या. पण आजारानेच गेले असतील तर मला जे कळायचं ते कळलं. मग हात मागू नका. फक्त सांगा.”

जाताना बायकोने डबा माझ्याकडेच ठेवला, ब्रॅक अर्धा उरला होता. टॅक्सीत बसेपर्यंत दोघंही पावसाबद्दल बोलत होते.

प्रमुख बाई दोन दिवस माझ्याशी फक्त ईमेलवर बोलल्या. मग त्यांनी अहवालाच्या त्या रकान्यात ‘रुग्णांशी मोकळा आणि प्रामाणिक संवाद’ असं लिहिलं. अनुदानवाल्यांना ते इतकं आवडलं की इतरांनीही आमचा कित्ता गिरवावा असा शेरा आला.

मी मात्र आमची चूक शोधायला लागले. आजवर माझं काम चुका होऊ न देण्याचं होतं, आता एक तरी सापडावी म्हणून मी फाइली उपसत होते. इनक्युबेटरचं तापमान सुट्टीभर जागच्या जागी. गॅसचं सिलिंडर भरलेलं. खाद्याची तीच बाटली माझ्या पेशींना घातलेली. शनिवारी कोण आलं, रविवारी कोण आलं, सोमवारी कोण आलं, सगळ्यांच्या सह्या. आमच्याइतकी नीटनेटकी प्रयोगशाळा मी आयर्लंडमध्ये बघितलेली नाही आणि त्याचा इतका वैताग मला कधी आला नव्हता. एखाद्या गबाळ्या प्रयोगशाळेत त्या माणसाला आत्तापर्यंत उत्तर मिळालं असतं.

एकदा मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“ताई, माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. असं लिहून टाकू का?”

विचार करण्यासारखी सूचना होती. गृहस्थांना झोप लागली असती, हिला नवा तुकडा मिळाला असता, प्रमुख बाईंना पुढचं अनुदान. पुण्याच्या कंपनीत कारण सापडलं नाही की आम्ही ‘मानवी चूक’ लिहायचो आणि एखाद्या गरीब ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंगला बसवायचो. त्या काळात आमच्या कंपनीत एकही गोष्ट विनाकारण झाली नाही.

“काय केलंस ते सांग,” मी म्हटलं. “मग लिहू.”

ती बराच वेळ आठवत राहिली. तिने काहीच केलं नव्हतं. डोळे पुसून ती कामाला गेली. आता ती माझ्या पेशींवर काम करते आहे, त्यांच्यात मुद्दाम तो बिघाड घडवून. म्हणजे मला त्यांचा आजार देऊन बघणार. त्याचाही फॉर्म मी भरलाय. त्याला वेळ लागेल, आणि त्यातून त्यांचे लॅड्स कशाने गेले ते नक्की कळेलच असं नाही, हे तिने स्वतःहून सांगितलं.

नाताळाआधी गृहस्थांचा फोन आला. काही कळलं का, त्यांनी विचारलं. अजून नाही, मी म्हटलं. ग्रँड, ते म्हणाले, आणि तुमचे लॅड्स कसे आहेत विचारलं. बरे आहेत, मी सांगितलं. खरं तर ते जोरात आहेत, कॉर्कच्या एका प्रयोगशाळेनेही मागवलेत.

या आठवड्याच्या यादीतली बाकी कामं झाली. हातमोजे आले, गॅसवाला येऊन गेला, फ्रीजरचं दार दुरुस्त झालं. ब्रॅकचा डबा धुऊन कोरडा करून प्रयोगशाळेच्या चहाच्या प्रेसमध्ये ठेवलाय. कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि आता मीही म्हणते. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत. चिवडा भरता येईल, त्यांच्या बायकोसाठी शेंगदाणे जास्त घालून, तो काही प्रश्न नाही. पण डबा पाठवायचा तर बरोबर दोन ओळी लिहाव्या लागतील, आणि त्यांनी ‘फक्त सांगा’ म्हटलं होतं. डबा पाठवायचा राहिलाय.