गाठीची भूक
शिऱ्याचा वास आला की खोडदचं आमचं घर आठवतं. सत्त्याण्णव साली मी पुण्यात जीवरसायनशास्त्र शिकत होते आणि वडिलांच्या पोटात कॅन्सरची गाठ होती. सुट्टीत मी घरी आले, तेव्हा शिऱ्याची ताटली हातात धरून त्यांनी विचारलं, "तू तिकडं काय शिकती?" मी उत्साहाने सांगितलं, की पेशीत ऊर्जा तयार करणारी एन्झाइम्स असतात, कॅन्सरमध्ये त्यांचं काम बदलतं आणि गाठ भराभर साखर खाते. "म्हंजी माझं खाणं तिलाच जातंय व्हय," म्हणत त्यांनी ताटली खाली ठेवली. उपाशी राहून गाठ मरत नाही, हे मी नंतर रडून सांगितलं, तरी ते जेवले नाहीत. अशक्तपणामुळे कॅन्सरचं औषध झेपेना, म्हणून डॉक्टरांनी ते थांबवलं, आणि दिवाळीआधी वडील गेले. आता हाच धडा शिकवताना मी मुलांना सांगते, की रुग्णाने जेवायलाच हवं. ते वाक्य परीक्षेत कधी येत नाही.