डाव्या बाहीवरचा चिखल

प्रेक्षकांच्या बाकांखाली, जिना वळतो तिथे, क्लबची धुलाईची खोली होती. वर आपल्या संघाने गोल केला की हजारो पाय एकदम आपटायचे आणि छतातून धूळ गळायची. वाळत घातलेल्या जर्स्या मग मावशींना धावत झाकाव्या लागायच्या. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळणारा हा संघ. पण त्याचा प्रत्येक गोल मावशींना जितका आनंद द्यायचा तितकाच वैताग. सामने त्या बघत नसत. बघायची गरजच काय? सामना संपला की तो पोत्यात भरून त्यांच्याकडेच यायचा.

मधल्या फळीतला एक खेळाडू टीव्हीवर छातीठोकपणे सांगायचा की आज जीव तोडून खेळलो. मावशी त्याची चड्डी उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "जीव कुठे तोडलास बाबा? इथे तर गवताची काडीसुद्धा मोडलेली दिसत नाही." राखीव खेळाडूंच्या जर्स्या कोऱ्याच परत यायच्या. त्या न धुता नुसत्या घडी कराव्यात, असं सामानवाल्याचं म्हणणं होतं. सामानवाला म्हणजे संघाचे बूट, चेंडू आणि कपडे सांभाळणारा माणूस, कामात वाघ आणि काम टाळण्यात त्याहून मोठा वाघ. मावशी त्याचं ऐकत नसत. "बसून बसून माणूस जास्त मळतो," असं म्हणून त्या जर्स्याही पाण्यात टाकायच्या.

मावशींचा माणसांवरचा विश्वास एका शर्टाने घालवला होता. त्यांचे यजमान कारखान्यात यंत्रावर होते. शर्टाला रोज तेलाचे डाग असायचे. एके दिवसापासून शर्ट स्वच्छ यायला लागले, आणि मावशींना वाटलं, बरं झालं, माणूस जरा नीटनेटका राहायला शिकला. प्रत्यक्षात कारखान्याने त्यांना घरी बसवलं होतं. ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, बागेतल्या बाकावर बसायचे, तिथेच जेवायचे आणि वेळेवर घरी यायचे. हे कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. त्यानंतर ते फार जगले नाहीत. मावशींनी कानाला खडा लावला: तोंड खोटं बोलतं, कपडा बोलत नाही. शर्ट सांगत होता आणि आपण ऐकलं नाही, ही बोच मात्र गेली नाही.

म्हणूनच मुलीने संघाच्या गोलकीपरशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा मावशींनी नाक मुरडलं होतं. "इतका शांत माणूस मला झेपत नाही. पोटात काय चाललंय याचा पत्ता लागत नाही." मुलीने ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही तेच बरं, असं मावशींना हळूहळू वाटायला लागलं. त्यालाही कपडाच कारण. बाकीचे खेळाडू जर्सी उलटी, गोळा करून फेकायचे. जावयाची जर्सी नेहमी सुलट यायची, बाह्या सरळ केलेल्या. ज्याला धुणारीची आठवण राहते तो माणूस अगदीच वाया गेलेला नसणार.

यंदाचा हंगाम सुरू झाला तो झोकात. पहिले काही सामने संघाने जिंकले, आणि जावयाच्या जर्सीला दोन्ही अंगांना सारखा चिखल असायचा. गोलकीपर उजवीकडे झेपावला की उजवी बाही भरते, डावीकडे झेपावला की डावी. यात पंडित व्हायची गरज नाही. मग हंगाम मध्यावर आला आणि संघाची घसरगुंडी सुरू झाली. हरले, बरोबरीत सुटले, पुन्हा हरले. गुणतक्त्यात नाव खाली खाली यायला लागलं. तळाचे दोन संघ खालच्या श्रेणीत जाणार होते. त्यातच दुसऱ्या एका क्लबच्या बचावपटूला सामना विकल्याबद्दल पकडलं आणि सगळ्या गावाला संशयाची साथ आली. फाटकाजवळचा चहावाला कप पुसता पुसता म्हणाला, "मावशी, आपल्यातही कुणीतरी आहे. आगीशिवाय धूर निघत नाही."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मावशी म्हणाल्या. पण मनात पाल चुकचुकलीच.

त्याच आठवड्यात त्यांनी जावयाची जर्सी पोत्यातून काढली आणि त्यांचा हात थांबला. उजवी बाही चिखलाने कडक झालेली. डावी जवळजवळ कोरी. शिवाय जर्सी उलटी होती. पुढच्या सामन्यानंतरही तेच. त्याच्या पुढेही. मावशींनी सामानवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "गोल कुठून होतायत रे आपल्यावर?"

"डावीकडून," तो म्हणाला आणि एकदम बुटांच्या पेटीत डोकं घालून बसला. त्याचं ते डोकं घालणंही मावशींनी टिपून ठेवलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आता त्या डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या, आणि बघायचंच ठरवलं की काय दिसत नाही? जावई जेवताना फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायचा. नात हात वर करून "बाबा, घे" म्हणाली तर तिला उचलायचं सोडून स्वतःच जमिनीवर बसायचा. मन थाऱ्यावर नाही, मावशींनी निदान केलं. सामना नसलेल्या सोमवारी तो सकाळीच बॅग घेऊन निघायचा.

"कुठे जातो हा सोमवारचा?" त्यांनी मुलीला विचारलं.

"सरावाला." मुलगी कपाट लावत होती, ती वळलीसुद्धा नाही.

"सोमवारी सराव नसतो. माझ्याकडे एक मोजासुद्धा धुवायला येत नाही."

"आई, तुला जिकडेतिकडे डागच दिसतात."

"डाग दिसत नाहीयेत, हीच तर पंचाईत आहे."

मुलगी पुन्हा घड्या घालायला लागली, आणि ते मावशींना आणखी झोंबलं. बिचारी पोर! आपल्यासारखीच स्वच्छ शर्ट बघून खूश होत बसणार आणि एक दिवस बातमी पेपरात वाचणार. हे आपण होऊ द्यायचं नाही. मावशींना जावयाचा राग आला होता, पण त्याहून मोठी भीती होती, आणि घाबरलेलं माणूस रागावलेल्या माणसापेक्षा जास्त घाई करतं. त्यांनी एका सामन्याची जर्सी न धुताच वाळवली, कागदात गुंडाळली आणि साबणाच्या कपाटात मागे ठेवून दिली.

शेवटून दुसरा सामनाही संघ हरला. दोन्ही गोल डावीकडून. आता शेवटच्या सामन्यात निदान बरोबरी केली तरच संघ तरणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी कपाटातली जर्सी आणि कालची जर्सी घेऊन प्रशिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि दोन्ही त्यांच्या टेबलावर पसरल्या.

"साहेब, माझा जावई आहे तो. तरी सांगते. हा माणूस डावीकडे पडतच नाही. मुद्दाम पडत नाही. विकला गेलाय."

प्रशिक्षक रागीट म्हणून प्रसिद्ध होते. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी कोऱ्या बाहीवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या जर्सीच्याही.

"मावशी, घरी तो वरच्या फळीवरची वस्तू कुठल्या हाताने काढतो?"

"उजव्या," मावशी म्हणाल्या. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

"आणि मुलीला उचलतो का हल्ली?"

मावशींच्या डोळ्यांपुढे हात वर केलेली नात उभी राहिली, आणि जमिनीवर बसून तिला कुशीत ओढणारा बाप. कपड्याने खरं तेच सांगितलं होतं; आपणच त्यात आपल्या मनातलं वाचलं.

"खांदा गेलाय त्याचा," प्रशिक्षक म्हणाले. "मला वाटत होतं वय झालंय. मूर्ख माणूस! अर्धा हंगाम लपवून खेळला."

"साहेब, मी बोललेच नाही असं समजा. जाऊ दे ते."

"आता कळल्यावर न कळल्यासारखं कसं करू? संघ बुडतोय." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "ते विकल्याबिकल्याचं मी ऐकलं नाही. तुम्हीही बोलला नाहीत. इथेच संपलं." मावशींनी कपाटातली जर्सी पुन्हा कागदात गुंडाळली आणि होती तिथेच, साबणामागे नेऊन ठेवली.

संध्याकाळी मावशी मुलीकडे गेल्या तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. जावई नातीला घेऊन बाहेर गेला होता. राखीव गोलकीपर शेवटचा सामना खेळणार, हे क्लबने दुपारीच कळवलं होतं.

"तुला माहीत होतं," मावशी म्हणाल्या.

"पहिल्या दिवसापासून. सोमवारी तो दुसऱ्या गावात हाडांच्या डॉक्टरकडे जायचा. हंगाम संपला की ऑपरेशन करायचं होतं. आधी कळलं असतं तर या वयात त्याला कुणी परत गोलात उभं केलं नसतं." तिने डोळे पुसले. "एकच सामना राहिला होता, आई."

"मला का नाही सांगितलं गं?"

"तोच नको म्हणाला. म्हणाला, आई क्लबात काम करतात, कुणी विचारलं तर त्यांना खोटं बोलावं लागेल. आणि त्यांना ते जमायचं नाही."

मावशी उठून घरी निघाल्या. यजमान बागेतल्या बाकावर बसायचे तेव्हा त्यांचाही असाच कुठेतरी खांदा दुखत असेल, आणि आपण त्यांना इतकी वर्षं खोटारडा म्हणत राहिलो, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी त्या धुलाईचं यंत्र बंद ठेवून बसून राहिल्या. पूर्वार्धात एकदा छतातून धूळ पडली. त्यांनी काही झाकलं नाही. मग बराच वेळ वर नुसती कुजबुज. दुसऱ्या संघाचा गोल झाला असणार. आणि अगदी शेवटी इतकी धूळ पडली की समोरची जर्स्यांची ओळ पांढरी झाली. प्रशिक्षक धावत जिना उतरून आले, दारातच ओरडले, "वाचलो मावशी! पोराने डावीकडे झेप घेऊन पेनल्टी अडवली. तुमच्यामुळे!" आणि आले तसे पळत गेले. मावशींना ते कौतुक चपराकीसारखं लागलं.

थोड्या वेळाने जावई आला. सामनाभर तो राखीव म्हणून बाकावर बसला होता; अंगात गोलकीपरची जर्सी, इस्त्री मोडलेली नव्हती.

"आई, जरा हात लावता का? रोज सामानवाला ओढून काढायचा. आज तो वर नाचतोय."

"बसा," मावशी म्हणाल्या.

तो स्टुलावर बसला. त्यांनी आधी उजवा हात मोकळा केला, मग डोकं, मग डावी बाही सावकाश खाली सरकवली, तापातल्या लेकराचा सदरा काढतात तशी. जर्सी उलटी होऊन त्यांच्या हातात आली. खांदा सुजलेला होता आणि त्यावर पट्ट्या आडव्यातिडव्या चिकटवलेल्या होत्या.

"खूप दुखतं का रे?"

"हो," तो म्हणाला. "खूप."

"मीच सांगितलं साहेबांना."

"माहीत आहे. तुम्ही जर्स्या दाखवल्यात, हे साहेबांनीच सांगितलं. बायको चिडली, पण मी तिला म्हटलं, आईंचं लक्ष असतं. तुम्हाला माझी काळजी वाटली असणार. घरात एवढं लपवलं मी, आणि तुम्ही नुसत्या कपड्यावरून ओळखलंत." तो ओशाळून हसला. "काळजीनेच सांगितलंत ना?"

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. सगळं ओठांवर आलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "काळजीने."

त्याने मान हलवली आणि हातातल्या जर्सीकडे बोट केलं. "ती नका धुवू. मळलेलीच नाही."

मावशींनी ती पाण्यात टाकली. मग कपाट उघडलं, मागून कागदाची पुडी काढली आणि आतली जर्सी तिच्याबरोबर सोडली. पाणी लगेच गढूळ झालं.

"ही कुठली?" जावयाने विचारलं. "ही तर जुन्या सामन्याची दिसते."

"राहून गेली होती," मावशी म्हणाल्या, आणि उजवी बाही चोळायला लागल्या.