व्हर्नियरने सांगितलेलं माप

गल्लीत त्याला सगळे व्हर्नियर म्हणत. बिलबुकावर वेगळंच नाव छापलेलं होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर त्याने वळूनही पाहिलं नसतं. छत्तीस वर्षं तो गाड्यांचे मागचे ॲक्सल उतरवत, कापत, जोडत आला होता आणि खिशातलं मापाचं व्हर्नियर त्याने कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. त्याने आकडा सांगितला की ती काळ्या दगडावरची रेघ. पुन्हा मोजून बघणं म्हणजे त्याचा अपमान, आणि तो करायची कुणाची छाती नव्हती. मला विचाराल तर सगळ्या अनर्थाचं मूळ तिथेच होतं. एखाद्याने एकदा तरी मोजून बघायला हवं होतं.

त्याच्या जावयाकडे वडिलांची जुनी दोन दारांची गाडी होती. चाळीस वर्षं निवांत रांगलेल्या त्या गाडीत जावयाने तिप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. व्हर्नियरने नाक मुरडलं.

"जावईबापू, हे इंजिन मूळच्या ॲक्सलला झेपायचं नाही. पहिल्याच चढाला मोडेल."

"मग दुसरा तुम्हीच निवडा ना, बाबा. मागचं सगळं तुमच्यावर."

शेजारच्या सीटवर आपली मुलगी बसणार, हे डोक्यात ठेवूनच त्याने काम अंगावर घेतलं. तीन आठवडे भंगारवाल्यांच्या आवारात पायपीट केली. एक ॲक्सल इतका रुंद, की चाकं मडगार्डच्या बाहेर आली असती. दुसरा हाताने फिरवला तर आतून कण्हत होता. तिसरा सामान पोचवणाऱ्या एका व्हॅनचा, अगदी हव्या त्या रुंदीचा. कापाकापी वाचली म्हणून स्वारी खूश झाली. त्याचे ब्रेकचे जुने ड्रम झिजले होते, तेवढे काढून त्याने कोपऱ्यात टाकले आणि नवे बसवले.

राहिली चाकं. जावयाने स्टेपनीसकट पाच चकचकीत ॲलॉय चाकं आधीच आणून ठेवली होती आणि त्यातली दोन पुढे अलगद बसलीही होती. आता नव्या ॲक्सलवरचे चार बोल्ट पुढच्याइतक्याच अंतरावर आहेत का, एवढाच प्रश्न होता.

"बाबा, तेवढं मापून सांगा. लगेच चढवतो."

व्हर्नियर गुडघ्यावर बसला. समोरासमोरच्या बोल्टांना माप लावलं आणि पट्टीकडे पाहिलं. रेघांच्या जागी नुसतं दूध सांडलेलं होतं. वर्षभर हे असंच चाललं होतं. माणसं दिसायची, रस्ता दिसायचा, बारीक रेघा मात्र एकमेकींत मिसळून जायच्या. हाताच्या सवयीवर आणि अंदाजावर तो वेळ मारून नेत होता. मुलगी कधीची मागे लागली होती, दुकान बंद करा आणि आमच्याकडे राहायला या. डोळ्यांचं कळलं असतं तर त्याच दिवशी तिने किल्ली काढून घेतली असती. मग व्हर्नियर कसला? जावयाच्या हॉलमधला आणखी एक सोफा.

"अठ्ठ्याण्णव मिलिमीटर," तो म्हणाला.

"पुढचंही तेवढंच. झालं की मग."

पहिले दोन नट बोटांनी फिरत गेले. तिसऱ्याला सुरुवातीपासूनच पाना लावावा लागला. नट शेवटपर्यंत बोटांनी गेला नाही तर ते चाक त्या गाडीचं नाही, असं सांगून व्हर्नियरने आजवर किती गिऱ्हाइकं परत पाठवली असतील. त्याच्या मनात पाल चुकचुकली. नवा रंग आहे, जाड बसला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. जावयाने पान्यावर अंगाचा भार टाकून चारही नट आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी-जावई घाटापलीकडे फिरायला निघाली. मुलीने काचेतून हात हलवला, आणि व्हर्नियरनेही हलवला.

दुपारी शेजारच्या लेथवरचा टर्नर आला. स्टेपनीचं पाचवं चाक भिंतीला टेकून तसंच राहिलं होतं आणि कोपऱ्यात व्हॅनचे जुने ड्रम पडले होते. एका ड्रमवर चाक आडवं बसवून फावल्या वेळात स्टूल करावं, असं त्याच्या मनात आलं. दोन बोल्ट घातले आणि तो थांबला.

"अरे, या भोकात गेला की समोरच्यात जात नाही." त्याने आपलं व्हर्नियर काढलं. "चाक अठ्ठ्याण्णवचं आहे. ड्रम शंभरचा. हे तू गाडीला नाही ना लावलंस?"

व्हर्नियरने टर्नरलाच मुलीला फोन लावायला सांगितलं. 

"बाबा, बरं झालं फोन केलात," मुलगी म्हणाली. "मागून टकटक वाजतंय काहीतरी. हे म्हणतात नवीन आहे, बसेल हळूहळू."

"गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता."

"घाट उतरतोय, बाबा," जावयाचा आवाज आला. "इथे कुठे थांबू? आणि माप तर तुमचंच आहे."

"मी मापलं नाही."

जावई हसला. "इंजिन तुम्हाला पहिल्यापासून आवडलेलं नाही. उगाच धास्ती घेताय."

"मला दिसत नाही," व्हर्नियर म्हणाला. "पट्टीवरच्या रेघा दिसत नाहीत. अठ्ठ्याण्णव मी अंदाजाने ठोकून दिलं. खोटं बोललो मी, पोरी."

फोनमध्ये नुसती टकटक ऐकू येत राहिली. मग मुलगी नवऱ्याला हळूच म्हणाली, "थांबव."

इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज आला. जावई परत फोनवर आला तेव्हा त्याचं हसू पार मावळलं होतं. डाव्या चाकाचा एक नट पडून गेला होता, दोन सैल होऊन नुसत्या हाताने फिरत होते, आणि सगळं चाक चौथ्यावर तोललेलं होतं.

व्हर्नियर खाली फरशीवर बसला आणि रडला. कुणी बघतंय याची त्याला पर्वा नव्हती. पोरगी वाचली, एवढंच त्याला कळत होतं.

"बाबा," मुलीने विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"वर्ष झालं असेल."

"मग या वर्षात कुणाकुणाच्या गाडीला मापं दिलीत?"

हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. तो बोटांवर मोजू लागला. बेकरीवाल्याची जीप. रंगाऱ्याचा टेम्पो. नर्सबाईंची छोटी गाडी.

"शाळेची व्हॅन," टर्नर मागून म्हणाला. "मागच्याच महिन्यात. मागची दोन्ही चाकं तूच मापून निवडलीस."

व्हर्नियरने भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं.

"किती वाजले?"

"चार वाजून दहा."

शाळा चारला सुटायची.