मिस्कुटाची बरणी

फूड सायन्सच्या दुसऱ्या वर्षी बुरशी हा विषय मला तोंडपाठ होता. धारगळहून पणजीला जाताना बसमध्ये उभ्या उभ्या मी तो घोकायचे. त्यामुळे आमच्याच मिस्कुटाला, म्हणजे वर्षभरासाठी घातलेल्या कैरीच्या लोणच्याला, बुरशी आली तेव्हा कारण शोधायला मला प्रयोगशाळा लागली नाही. मीठ कमी पडलं होतं. ते आईनं मुद्दाम कमी घातलं होतं. बाबांचं प्रेशर वाढलेलं, आणि अळणी जेवण्यापेक्षा हॉटेलात जेवीन असं त्यांनी डॉक्टरांसमोरच सांगितलेलं. मग आई गुपचूप सगळ्यातलंच मीठ थोडंथोडं काढत गेली.

बाबांची थोरली बहीण आमच्याच घरी राहते. बरणी उघडली तिनं आणि खापर फोडलं माझ्यावर. पाळीत लोणच्याला शिवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. कॉलेजला जायला लागल्यापासून मी तो पाळत नव्हते, हे आत्याला आधीपासूनच सलत होतं. खरं तर बरणीला मी बोटही लावलं नव्हतं. मी तोंड उघडणार एवढ्यात आईनं मला मागच्या दारी ओढलं.

"मीठ कमी केलां म्हणान कळलां, तर ते घरात जेवचे नाय. सांगू नको गो."

मी शिकत होते ते नेमकं हेच, आणि घरात तेच बोलायची चोरी.

दुपारी बाबांनी चमच्यानं वरची पांढरी साय काढली आणि खालच्या फोडी ताटात घेतल्या. बुरशीचे धागे खोल जातात, दिसत नाहीत, त्यानं विषही तयार होऊ शकतं, असं मी परोपरीनं सांगितलं. ते हसले.

"वयलां काडून आमी जल्मभर खाल्लां. तुजां शिक्षाण कॉलेजात ठेव."

त्यांनी फोड उचलली. आई भात वाढता वाढता थांबली.

"बाबा, खाव नकात," मी म्हणाले. "त्या दिसांनी माझो हात लागलो बरणीक."

त्यांनी फोड खाली ठेवली. ताट सारलं, हात धुतले. बरणी परसात रिकामी झाली.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. दर महिन्याला चार दिवस माझं ताट पडवीत येतं. आईच आणून ठेवते, आणि माझ्याकडे न बघता आत जाते.