साहेबाला मी गोळी धरायला शिकवलं

जिल्हा होण्याआधी एका सहीसाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागायची. लातूर जिल्हा झाला आणि सही गावात आली. फक्त ती करणारा साहेब कचेरीत सापडत नव्हता. तो स्टँडसमोरच्या हॉटेलात, पत्त्यांच्या मशीनवर सापडायचा.

त्या दुष्काळात आमच्या बौद्धवाड्याचा हापसा नुसती हवा ओकत होता. टँकर यायला साहेबाची सही हवी होती. अर्ज घेऊन मी आणि रिकामी घागर घेऊन माझी म्हातारी आत्या, दोघं रोज हॉटेलात जायचो. साहेब मान वर न करता म्हणायचा, "थांबा हो, गोळी चालू आहे."

मशीन म्हणजे पिनबॉलचा खेळ, मुंबईहून भंगारात आलेला. काचेखाली बादशा-राणी रंगवलेले, मधे पत्त्यांच्या उभ्या फळ्या, खाली घरंगळत येणारी लोखंडी गोळी परतवायला दोन पट्ट्या. साहेब दोन्ही पट्ट्या एकदमच बडवायचा, दुष्काळाच्या बैठकीत टेबल बडवतात तसा. गोळी मधल्या फटीतून पाताळात. मग तोंड पाडून, "उद्या या."

हरलेला माणूस सही करत नाही, असं मी ठरवून टाकलं. चळवळीची पत्रकं वाटणाऱ्या माझ्यासारख्याला शिकवायची खोडच असते.

"साहेब, बादशाच्या मागं लागू नका. आधी चारी एक्के पाडा, त्याशिवाय बादशाला भाव नाही. गोळी आली की पट्टी वर धरून ठेवा, गोळीला निजू द्या. मग पट्टी सोडा, गोळी टोकाशी घरंगळली की मारा, पलीकडं जाते. लवकर मारली तर अलीकडंच. आणि एका वेळी एकच पट्टी."

साहेब शिकला. नोकरीत इतकं मन लावून काही शिकला असता तर जिल्ह्याचं भलं झालं असतं. गोळी आता पडेचना. एक्के पडले, राण्या पडल्या, आकडे फिरत राहिले. हॉटेलवाल्यानं कौतुकानं चहा पाठवला.

आत्यानं मला विचारलं, "त्यो काय करून राहिलाय?"

"जिंकून राहिलाय."

"कुणी शिकिवलं?"

मी अर्जाची घडी नीट करू लागलो.

"लई शाना हाईस. आता हारायला बी शिकीव."

माझी वाट न बघता ती उठली आणि पितळी घागर काचेवर दाणकन ठेवली. असला धक्का बसला की ती मशीन खेळच बंद करते. दिवे गेले, पट्ट्या मेल्या, गोळी गुमान खाली गेली.

"ए म्हातारे, काय केलंस हे? कधी नव्हे ते वर गेलो होतो."

"आता खाली आलास न्हवं? कर सही."

बघे हसले, म्हणून त्यानं केली. टँकर आला. नळी गळकी, निम्मं पाणी रस्त्यानं प्यायलं, तरी वाड्यातल्या चुली पेटल्या.

आठवडाभरानं आत्याच्या नावानं कागद आला: सरकारी कामात अडथळा. कोणतं काम, हे विचारायला मी कचेरीत गेलो. साहेब जागेवर नव्हता.