पायऱ्यांना लागलेलं कुलूप

नदीकाठच्या बागेत तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाली तरी पाऊस उघडला रे उघडला, की ही बाटल्या घेऊन काठावर हजर. एक भरायची पुलापाशी, दुसरी बागेतला नाला नदीला मिळतो तिथे.

एकदा प्रयोगशाळेतल्या जुन्या मैत्रिणीने तिचे नमुने तिथे तपासायला लावले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पुलाजवळचं पाणी घातलेल्या काचेच्या बशीत वाढलेल्या जंतूंचे जेमतेम आठ-दहा ठिपके. नाल्याखालच्या पाण्याच्या बशीत ते इतके, की मोजायची सोयच नाही. हिरवळीवरची कुत्र्यांची सगळी घाण पावसाने नदीत नेऊन घातली होती. आणि नेमक्या तिथेच खाली पायऱ्या होत्या. सकाळी तिथे बायका पोहायला उतरायच्या. तिची भावजयही जायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिला पाण्यात तेवढं हलकं वाटायचं.

बाटलीबाईने बागेत घाण उचलायच्या पिशव्यांचे डबे टांगले. कुत्री फिरवायला येणाऱ्यांना ती हटकू लागली.

"अहो, खतच आहे ते, मावशी. गवताला चांगलं!"

काही जण पिशवीत भरायचे, छान गाठ मारायचे आणि पिशवीसकट झुडपात भिरकावायचे. तिचा सख्खा धाकटा भाऊ, त्याच भावजयीचा नवरा, तोही कुत्र्याला मोकळं सोडायचा.

"ताई, एका कुत्र्याने काय नदी बाटणार आहे?"

"इथे रोज दोनशे येतात. प्रत्येकाचं एकच असतं."

तो हसला आणि शीळ घालत पुढे गेला.

शेवटी तिने बागेच्या कचेरीत अहवाल दिला. तीन आठवड्यांनी पायऱ्यांवर लोखंडी फाटक बसलं, कुलूप लागलं, वर पाटी: 'पाणी दूषित. उतरू नये.' हिरवळीवर मात्र सगळं जिथल्या तिथे. ती तडक कचेरीत गेली.

"पाणी घाण आहे असं तुम्हीच लिहिलंत ना?" कारकून म्हणाला.

"बाग साफ करा म्हणून लिहिलं होतं!"

"त्याला माणसं लागतात, बाई. कुलूप एका दिवसात होतं."

पोहणाऱ्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. भाऊ म्हणाला, "जन्मभर ठिपके मोजलेस. माणसं कधी दिसली नाहीत तुला."

दोन महिन्यांत भावजयीच्या हातात काठी आली. मग जिना उतरणंही बंद झालं. बाटलीबाई रोज दुपारी जाऊन तिचे गुडघे चोळून द्यायची. भावजय भिंतीकडे तोंड करून पडायची, पण पाय काही मागे घ्यायची नाही.

एके दिवशी तशीच पाठमोरी ती म्हणाली, "ताई, पाणी तरी निवळलं का हो आता?"

खोटं बोलायचं बाटलीबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जमलं नाही.

"नाही गं," ती म्हणाली आणि दुसरा गुडघा चोळायला घेतला.