अण्णांना सगळं चालतं

माझे सासरे रेशमाच्या अळ्या खाऊन आले, त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही. त्यांच्या कंपनीतल्या आसामी सुपरवायझरने गावाहून येताना डबाभर आणल्या होत्या, मीठमिरची लावून परतलेल्या. खात्यातल्या चौघांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. पाचवे आमचे अण्णा. त्यांनी पाच खाल्ल्या आणि सहावी आम्हाला दाखवायला रुमालात बांधून घरी आणली. सासूबाईंनी ती रुमालासकट खिडकीतून खाली टाकली. अण्णा एवढंच म्हणाले, "रुमाल चांगला होता."

अण्णा अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. अंगाने किरकोळ, मिशा बारीक, खिशात कायम टेस्टर. रविवारी ते लोकांच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करायला जायचे आणि जिथे जातील तिथे जेवून यायचे. "जेवताय का?" असं कुणी नुसतं बोलायला म्हणून विचारलं तरी अण्णा हात धुवायला उठत. पुढची ठरलेली शंका असायची, "तुम्हाला चालतं ना पण?" आणि अण्णांचं ठरलेलं उत्तर, "मला सगळं चालतं." अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना मागून 'सगळं-चालतं अण्णा' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि तेही चालत होतं.

बारवीकडच्या एका कातकरी वाडीवर पंप बसवायला गेले, तर तिथे भाजलेला शेतातला उंदीर खाऊन आले. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या घरून खरोडा, म्हणजे बकऱ्याचे पाय, रात्रभर शिजवलेले, नळ्या चोखून आले. आगरी मित्राने खाडीतल्या चिखलातले निवटे आणून दिले, ते उड्या मारणारे मासे पाहून मी स्टुलावर चढले होते आणि अण्णा मोरीत बसून शांतपणे ते साफ करत होते. बदलापूरच्या पुढे कुणीतरी इमू पाळले, धंदा बसला आणि एक इमू कापला गेला. त्या जेवणाचं बोलावणं आमच्या अण्णांना येणार नाही तर कुणाला? सासूबाईंनी अशा दिवसांसाठी त्यांचा वेगळा तांब्या आणि वेगळी उशी ठेवली होती. तांब्याचं कारण मला समजत होतं, उशीचं कधीच समजलं नाही. त्या ओरडायला लागल्या की अण्णा म्हणत, "पोटात दिवा लावून कोण बघतंय?"

मला प्रश्न पडायचा, की या माणसाला हे सगळं आवडतं तरी का? ते कधी मिटक्या मारत नसत, परत मागत नसत, कशाची आठवण काढून सुस्कारत नसत. खाऊन झालं की पाण्याने ताट विसळायचे आणि उठायचे. खवय्या माणूस असा नसतो, आमच्या गल्लीत दोन होते, ते गोड बोलून तुमच्या ताटातलंही उचलत. अण्णांचं काहीतरी निराळं होतं, आणि ते काय आहे हे शोधण्यात माझा जीव अडकला होता, कारण माझं लग्न त्यांच्या एका जेवणावर ठरलं होतं.

दोन हजार दोन-तीनची गोष्ट असेल. महेश आणि मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये भेटलो आणि जमवलं. ते कोकणातले मराठे, आम्ही उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले बौद्ध. महेश म्हणायचा, आमच्याकडे कुणी काही बोलणार नाही. न बोलताही कसं बरंच काही करता येतं, ते माझ्या आईला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बघायला येणार म्हटल्यावर तिने काय करावं? घरात चूल न पेटवता केटररकडून पुऱ्या, पनीर आणि गुलाबजाम आणवले. पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणल्या. कागदी ताटं आणली. बाहेरचं असलं म्हणजे कुणाला अडचण नको, म्हणाली. माझ्या वडिलांना ते लागलं.

नेमका त्याच सकाळी माझा मामा वजडी घेऊन आला. वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट आणि आतडी, ती धुवायचीच तासभर, गरम पाणी, चुना, पुन्हा पाणी. टाकून कशी द्यायची म्हणून आईने चणाडाळ घालून घरच्यांपुरती शिजवली आणि पाहुणे यायच्या आधी पातेलं सिलिंडरमागे ठेवून त्यावर टॉवेल टाकला. सगळीकडे अगरबत्त्या लावल्या. वजडीचा वास अगरबत्तीला ऐकतो थोडाच? आई त्या सिलिंडरपुढे पदर पसरून उभी राहिली आणि तिथूनच पाहुण्यांशी हसून बोलायला लागली.

अण्णांनी एक पुरी खाल्ली आणि विचारलं, "वहिनी, हे बाहेरचं दिसतंय. तुमच्या हातचं काय शिजलंय?"

आई म्हणाली, घरच्यांसाठी आहे, साधंच, तुम्हाला नाही चालायचं.

"मला सगळं चालतं," अण्णा म्हणाले आणि स्वतः उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. आमची खोली एवढीशी, उठले आणि पोचले. त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. आईने टॉवेल काढला आणि डाव हातात घेतला. अण्णांनी कागदी ताट बाजूला सारून आमची स्टीलची ताटली मागितली, भाकरीबरोबर वजडी खाल्ली आणि पुन्हा घेतली. महेशनेही खाल्ली. सासूबाईंनी ॲसिडिटीचं निमित्त काढून दोन गुलाबजामांवर भागवलं. आई मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, उगीचच.

निघताना वडिलांनी जीव मुठीत धरून विचारलं, मग आमची मुलगी? मी दाराआड होते. अण्णा चपला घालत म्हणाले, "आम्हाला चालेल."

सगळे खूश झाले. मी एकटी खट्टू. पसंत आहे, आवडली, असं म्हणाले असते तर यांचं काय जात होतं? पुढे लग्न होऊन मी त्या घरी गेले आणि उंदीर चालतो, अळ्या चालतात, निवटे चालतात हे पाहिलं, तेव्हा तो शब्द जास्तच बोचायला लागला. त्या यादीत मी कुठे? ज्या माणसाला सगळंच चालतं, त्याला मी चालले यात माझं किंवा माझ्या आईचं काय मोठेपण? हे महेशला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, तू फार विचार करतेस. लग्नाला मान्यता मिळाली ना, मग झालं तर.

झालं नव्हतं. आई मात्र बिनघोर होती. आमचे व्याही माझ्या हातची वजडी मागून, दोनदा घेऊन जेवले, हे तिने चार नंबरमध्ये पापड लाटायला जमणाऱ्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं, त्यातल्या सिंधी बायकांना हिंदीतून. तिच्या आयुष्यात कुणी उठून, चालत येऊन तिच्या पातेल्याकडे बोट दाखवलं नव्हतं. मग मीही अंबरनाथला महिन्यातून दोन रविवार वजडी करायला लागले. अण्णांची आवड म्हणून. सासूबाई त्या दिवशी बहिणीकडे जायच्या. मी विचारायचे, "अण्णा, कशी झालीय?" ते म्हणायचे, "चालतंय." आणि ताटली स्वच्छ. मी सुखावायचे आणि रात्री पुन्हा त्याच शब्दावर येऊन अडकायचे.

अण्णांच्या निवृत्तीनंतर आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला, आणि तिथे वर्षा-दीड वर्षात अण्णांचं जेवण सुटलं. आधी अर्धी भाकरी, मग पाव, मग नुसता चहा. तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती आणि ती काढण्याच्या पलीकडे गेली होती. डॉक्टरांनी महेशला बाजूला घेऊन सांगितलं, आता पथ्य नको, त्यांच्या आवडीचं द्या, जे जाईल ते. घरी येऊन आम्ही तिघं टेबलाशी बसलो. आवडीचं म्हणजे काय? सासूबाई चाळीस वर्षं संसार करून म्हणाल्या, मला नाही बाई माहीत, त्यांना सगळं चालतं. आणि रडायला लागल्या.

मला वाटलं, एक गोष्ट तर मला माहीत आहे. मी सकाळी जाऊन वजडी आणली, धुतली, कुकरला आठ शिट्ट्या काढल्या आणि मऊ भातावर कालवून त्यांच्यापुढे नेली. अण्णांनी ताटली हाताने हळूच मागे सारली.

"नको," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी विचारलं, तिखट झालीय का, मीठ कमी आहे का?

"आवडत नाही मला वजडी. वासानेच ढवळून येतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी ताटली घेऊन तशीच उभी. सहा वर्षांचे रविवार मनात मोजले. मग मी जवळजवळ भांडायलाच लागले, की मग आमच्या घरी कशाला मागितलीत, दोनदा कशाला घेतलीत?

अण्णा भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "तुझी आई स्वतःच्या घरात स्वतःचं पातेलं लपवून उभी होती. बघवेना. आता मागायलाच पाहिजे, म्हटलं."

मी स्वयंपाकघरात आले आणि पदर तोंडात धरून रडले. आनंदाने की रागाने, ते मला सांगता येणार नाही. सहा वर्षं मी त्यांना त्यांची नावडती गोष्ट वाढत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघून संपवत होते.

थोडं निवल्यावर मी परत गेले आणि एकेक विचारत सुटले. अळ्या? "बऱ्या होत्या." इमू? "वातड." उंदीर? "छान होता. ही म्हातारी ऐकत नाहीये ना?" मग आवडतं काय, म्हटल्यावर त्यांनी कूस बदलली. लहानपणी ते मामाच्या घरी वाढलेले, ताटात पडेल ते खायचं, हे मला ऐकून ठाऊक होतं. दोन दिवसांनी त्यांनी मला हाक मारली आणि एखादी चोरी कबूल करावी तसं सांगितलं, "उकडलेला बटाटा. मीठ लावून." मी उकडला. त्यांनी अर्धा खाल्ला.

त्यानंतर अण्णा बदललेच. चहा पांचट आहे, पेज घट्ट आहे, ही चादर टोचते, तू पंखा फार जोरात लावतेस. दिवसभर नको, नको, नको. आणि हे फक्त मला. सासूबाईंनी काही दिलं की मुकाट्याने घेत, महेशला "बरं आहे" म्हणत आणि मी आले की तक्रारींचा पाढा सुरू. शेजारीण मला म्हणाली, तुझ्याच वाट्याला आलं बघ सगळं. मी मान हलवली. खरं तर मला त्या तक्रारींची ओढ लागली होती. अण्णा जन्मभर जिथे जिथे जेवले तिथे पाहुणे म्हणूनच जेवले, आणि नको म्हणायला त्यांना आता कुठे कुणीतरी सापडलं होतं, असं मी मनाशी धरलं. डॉक्टर मात्र म्हणाले, या आजारात माणूस चिडचिडा होतो. तेही असेल.

मग एक दिवस न सांगता आई आली, रिक्षा बदलत, मांडीवर डबा धरून. महेशने तिला फोनवर सांगितलं होतं, की डॉक्टर आवडीचं द्या म्हणतात. डबा उघडायच्या आधीच मला वास आला. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगणार, अगं आत्ताच झोपलेत, नंतर देते, तोवर आतून अण्णांचा आवाज आला.

"वहिनी आल्या का? काय आणलंय?"

मी दारातच थांबले. अण्णांनी मला उशी मागे लावायला सांगितली आणि बसते झाले. आई पलंगाशी बसून घास करून द्यायला लागली. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक घासाला त्यांच्या मानेची शीर ताठ होत होती आणि आई कौतुकाने बघत होती. मी मधे पडायला पुढे झाले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागीच राहिले. चौथा घास उतरल्यावर म्हणाले, "वहिनी, हात तोच आहे."

आई डोळे पुसत, रिकामा डबा पिशवीत घालून गेली. उरलेली वजडी तिने आमच्या पातेल्यात काढून ठेवली होती, संध्याकाळी द्यायला. दार लागल्याबरोबर अण्णांनी घमेलं मागितलं. सगळं उलटून पडलं, बराच वेळ. मी पाठ चोळत होते आणि बडबडत होते, की कशाला, कुणी सांगितलं होतं? त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "आईला बोलू नकोस."

पंधरा दिवसांत अण्णा गेले.

आई आता थकली आहे. जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगते, आणि गोष्ट संपली की माझा हात धरून विचारते, "अण्णांना माझ्या हातची आवडायची ना गं?" मी हो म्हणते. हे खोटं बोलते की खरं, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.